वेल्स-कॉर्नवॉलच्या लॅटिन स्मृतिशिळा (५वं ते ७वं शतक) : वाचन, कालनिर्णय, फोटो

टाकीचे_घाव (धागाकर्ता)

इ.स. ४१०च्या सुमाराला ब्रिटनमधला रोमन कारभार आटोपला. पण पुढची दोन-अडीचशे वर्षं बेटाच्या पश्चिम अंगाला लोक मेलेल्या माणसांच्या नावाने दगड उभे करत होते आणि त्यांवर लॅटिन कोरत होते. असे दगड वेल्समध्ये दीडशेच्या आसपास, कॉर्नवॉल-डेव्हनमध्ये पन्नासेक, थोडे दक्षिण स्कॉटलंडात आणि आइल ऑफ मॅनवर. त्या काळातलं ब्रिटनचं लिखाण जवळजवळ सगळं नंतरच्या नकलांतून आपल्यापर्यंत आलंय. मूळ हातचं म्हणावं असं उरलंय ते या दगडांवरच. वीरगळांच्या धाग्यावर हा विषय निघाला होता, तिथे गर्दी नको म्हणून इथे.

लॅटिन मजकूर मी नागरीत देतोय. दगडावर व्ही आणि यू हे एकच अक्षर (कोरलेलं व्ही), आय आणि जे हेही एकच.

दगड घडवलेला नसतो. शेतात किंवा ओढ्यात मिळाला तसा लांबट दगड उचलून उभा केलेला. रोमन थडग्यांवर असते तशी चौकट नाही, आखलेल्या ओळी नाहीत, मूर्ती नाही. उंची साधारण एक ते दोन मीटर. अक्षरं ५ ते १२ सेंमी, तीही एकाच शब्दात लहानमोठी. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. मजकूर आडवा असतो किंवा उभा. उभा असेल तर बहुधा वरून खाली जातो, म्हणजे मान उजवीकडे कलती करून वाचायचा.

मजकुराचे साचे मुख्यतः दोन. पहिला नुसता 'अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा', सगळं षष्ठीत. कॉर्नवॉलमधल्या मेन स्क्रिफावर 'रिआलोब्रानि कुनोवालि फिलि' एवढंच आहे. 'हा दगड' हे शब्द आपण मनात धरायचे. ही रीत ओघम या आयरिश रेघांच्या लिपीतल्या लेखांतून आली. दुसरा साचा 'हिक याकित', म्हणजे 'इथे पहुडला आहे'. तो गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या) ख्रिस्ती थडग्यांवरचा. पश्चिम ब्रिटनमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळले आणि वाचणाऱ्याचा पहिला घोळ तिथेच होतो. लान्गियनच्या चर्चच्या आवारातला दगड बघा: 'मेलि मेदिकि फिलि मार्तिनि याकित'. नाव, हुद्दा, बाप सगळे षष्ठीत आणि शेवटी क्रियापद, ज्याला कर्ताच नाही. 'मार्तिनुसचा मुलगा वैद्य मेलुस याचा (दगड), (इथे) पहुडलाय'. व्याकरण शोधत बसलात तर अडकाल, साचे ओळखलेत तर सुटाल.

---

कोकणी_मेवा

वाचनखूण साठवली. एक शंका. शाळेच्या लॅटिनमध्ये 'हिक याकेत' असतं ना? 'याकित' ही कोरणाऱ्याची चूक म्हणायची का?

---

व्याकरणशत्रू

'याकेत'च बरोबर, पण 'याकित' एकदोन दगडांवर नाही, बहुतेक सगळ्यांवर आहे. एवढ्या ठिकाणी सारखीच 'चूक' होत असेल तर ती बोलीची रीत झाली. गॉलमध्येही ते रूप सापडतं. स्वर-विभक्तींची ही सरमिसळ म्हणजे लॅटिन अजून लोकांच्या तोंडात होतं याचा पुरावा. नुसत्या पोथीतून शिकलेला माणूस असं चुकत नाही.

नमुने द्यायचे तर : अबेरडॅरनच्या चर्चमधल्या दोन दगडांपैकी एकावर सेनाकुस नावाच्या पुरोहिताबद्दल 'कुम मुल्तितुदिनेम फ्रात्रुम' म्हटलंय, म्हणजे 'बांधवांच्या मोठ्या समुदायासह'. 'कुम'नंतर लॅटिनला पंचमी हवी, इथे द्वितीया आलीय. उत्तर वेल्समधल्या पेनमाख्नोच्या कारौसियुसचा दगड: 'हिक याकित इन होक कोंगेरिएस लापिदुम', 'या दगडांच्या राशीत'. इथे 'होक' पंचमीत, 'कोंगेरिएस' प्रथमेत आणि लिंगाचाही मेळ नाही. शेवटच्या अक्षराचा उच्चार ऐकू येईनासा झाला की विभक्ती अशीच डगमगते.

पण याच दगडावरची माहिती बघा. मजकुरावर ख्रिस्ताचं ची-ऱ्हो चिन्ह, आणि मृताला दगडांची रास, म्हणजे जुन्या पद्धतीचं 'केर्न'. ख्रिस्ती खूण आणि स्थानिक दफनरीत एकाच माणसाच्या वाट्याला.

पेनमाख्नोलाच दुसरा दगड आहे, मला सगळ्यांत आवडणारा: 'कांतिओरि हिक याकित, वेनेदोतिस किवे फुइत, कोन्सोब्रिनो माग्लि मागिस्त्राति'. कांतिओरिक्स, ग्विनेदचा (वायव्य वेल्समधल्या राज्याचा) 'नागरिक', माग्लुस नावाच्या 'मॅजिस्ट्रेट'चा भाऊबंद. रोमन फौज जाऊन पिढ्या उलटल्या, तरी डोंगरातल्या एका राज्यात कोणी स्वतःला नागरिक म्हणवतो आणि नात्याने का होईना अधिकाऱ्याचं नाव लावतो. त्याच्या हाताखाली कसली कचेरी होती कोण जाणे, पण शब्द टिकले होते.

---

टाकीचे_घाव

@व्याकरणशत्रू, बरोबर. आता अक्षरांकडे. छापील पुस्तकातलं वाचन आधी पाहून दगडासमोर गेलं की तेच दिसतं, डोळा ते मुकाट्याने मान्य करतो. म्हणून आधी दगड, मग पुस्तक. नेहमी फसवणारी अक्षरं:

आडवा आय. शब्दाच्या शेवटचा 'आय' पुष्कळदा झोपवलेला असतो. षष्ठीचा प्रत्यय 'इ' असल्यामुळे तो जागोजागी येतो. ज्याला ठाऊक नाही तो त्याला दगडाची चीर किंवा ओळ संपल्याची रेघ समजून सोडून देतो.

उलटी आणि आरशातली अक्षरं. 'एस' आणि 'एन' उलटे, 'डी' आरशातला, 'एम' डोक्यावर. फॉवीजवळच्या ट्रिस्टन दगडावर 'द्रुस्तानुस हिक याकित कुनोमोरि फिलियुस' असं वाचलं जातं. पहिलाच 'डी' उलट्या तोंडाचा आणि झिजलेला. त्याला 'सी' आणि 'आय' अशी दोन अक्षरं मानली की 'किरु...'ने सुरू होणारं भलतंच नाव तयार होतं, तसं वाचणारेही आहेत. त्याच दगडावर 'कुनोमोरि'तला 'एम' उलटा आहे. अख्खी ट्रिस्टनची कहाणी (ट्रिस्टन आणि इसोल्डची मध्ययुगीन प्रेमकथा) त्या एका 'डी'वर टांगलेली, तेव्हा हे वाचन घेताना जरा जपून.

जोडाक्षरं. 'ए' आणि 'एन'ची एक काडी सामाईक. 'फिलि'तला 'आय' 'एल'च्या पायावर बसवलेला. हे आपल्याला नवं नाही, जोडाक्षरांत वाढलोय आपण. मात्र इथे नियम नसतो, जागा कमी पडली की जोडायचं.

मोठ्या लिपीत घुसलेली लहान लिपी. रोमन कॅपिटलांत मध्येच पोथीतली गोलसर अर्ध-अन्शियल अक्षरं येतात. 'जी', 'डी', 'आर', 'एस' ही त्यात पुढे. 'आर'चा गोल नीट मिटलेला नसला की 'ए' आणि 'आर'मध्ये गल्लत होते. 'एन'ची तिरकी काडी आडवी झाली की तो थेट 'एच' दिसतो.

वाचन लिहून घेताना : संशयित अक्षराखाली टिंब, तुटून गेलेला पण अंदाजाने भरलेला भाग चौकोनी कंसात, संक्षेपातलं सोडवलेलं गोल कंसात, ओळ तुटली तिथे तिरकी रेघ. चौकोनी आणि गोल कंसांची अदलाबदल फार महागात पडते: चौकोनी म्हणजे 'कधीकाळी होतं, आज नाही', गोल म्हणजे 'कधीच कोरलं नव्हतं'.

---

आडवी_रेघ

ओघमचा उल्लेख झाला म्हणून. वेल्समधल्या तीसेक दगडांवर लॅटिनबरोबर ओघमही आहे, बहुतेक नैर्ऋत्येकडे, जिथे आयरिश वसाहत झाली. ओघम दगडाच्या कडेवर कोरतात. कड हीच मधली रेघ. वाचायचं सहसा डाव्या कडेवर, खालून वर.

वीस अक्षरं, पाच-पाचचे चार गट, गटात एक ते पाच रेघा:
कडेच्या उजव्या बाजूला : बी, एल, व्ही, एस, एन.
डाव्या बाजूला : एच, डी, टी, सी, क्यू.
कड ओलांडून तिरप्या : एम, जी, एनजी, झेड, आर.
कडेवरच लहान खाचा : ए, ओ, यू, ई, आय.

सेंट डॉगमेल्सचा दगड सराव करायला उत्तम. लॅटिन बाजूला 'साग्रानि फिलि कुनोतामि', ओघममध्ये 'साग्राग्नि माकि कुनातामि'. फिलि आणि माकि, दोन्ही 'मुलाचा'. 'माकि' मोजा : कड ओलांडणारी एक तिरपी रेघ (एम), एक खाच (ए), डावीकडे पाच रेघा (क्यू), मग पाच खाचा (आय). ओघमची किल्ली मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांत होतीच, पण ती खरी की पंडितांनी रचलेली, यावर वाद होता. १८४८च्या सुमाराला या दगडावरचे दोन्ही मजकूर ताडून पाहिल्यावर तो मिटला. त्याआधी हाच दगड ओढ्यावरचा साकव म्हणून वापरात होता.

चुकतं कुठे? कड सगळ्यांत आधी झिजते आणि स्वर नेमके कडेवर असतात. त्यामुळे व्यंजनं उरतात आणि स्वर जातात. फाटकाचा खांब म्हणून वापरलेल्या दगडांची तर ती बाजू पार गुळगुळीत असते. शिवाय एक रेघ गेली की अक्षर बिघडत नाही, बदलतं: पाच रेघांचा 'क्यू' चारचा 'सी' होतो, चारचा 'एस' तीनचा 'व्ही'. म्हणून रेघा मोजू नका, रेघांमधली अंतरं मोजा. अंतर एकसारखं येत असेल आणि गटाच्या टोकाला तेवढीच मोकळी जागा असेल, तर तिथे गेलेली रेघ असू शकते. ती चौकोनी कंसातच लिहायची.

---

कोकणी_मेवा

ओघमची मोजणी करून पाहिली, भारी प्रकार आहे. आता व्यवहाराचं. अक्षरं दिसत नसतील तर खडूने भरून फोटो काढला तर? किंवा आपल्याकडे शिलालेखाचा घेतात तसा कागदाचा ठसा?

---

टाकीचे_घाव

खडू अजिबात नाही. खडूने अक्षर दिसत नाही, खडू लावणाऱ्याचं मत दिसतं. जुन्या काळचे खडू भरून घेतलेले फोटो आजही गोंधळ घालतात, कारण नैसर्गिक चीर आणि कोरलेली रेघ दोन्ही सारख्याच पांढऱ्याफेक. आपल्याकडे देवळातले शिलालेख ऑइलपेंटने रंगवतात, तोच हा रोग.

ठशाचं असं: ओला कागद ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा आणि वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा, हे काळ्या फत्तरावर चालतं कारण पृष्ठभाग टणक असतो. वेल्समध्ये पापुद्रे सुटणारे दगड बरेच आहेत. ओला कागद ओढताना पापुद्रा सोबत येतो. त्यात दगडफूल. ते हळू वाढतं, त्याची मुळी दगडात शिरलेली असते, खरवडलं की दगडाचा कण निघतो. तारेचा ब्रश, आम्ल, ब्लीच, प्रेशरचं पाणी, लॅटेक्सचा साचा, काहीही नाही. सैल पाचोळा हाताने बाजूला करायचा, बस. हे दगड बहुतेक संरक्षित स्मारकं आहेत. उघड्यावरच्याला फोटोपलीकडे काही करायचं तर वेल्समध्ये कॅडू या सरकारी संस्थेची परवानगी लागते, चर्चमधल्यासाठी आधी तिथल्या पाद्रीबाबांना विचारायचं.

---

कॅमेऱ्यामागचा

फोटोचं मी लिहितो.

सगळा खेळ तिरप्या उजेडाचा. उजेड दगडाच्या पृष्ठभागाला १० ते २० अंशांत चाटून गेला पाहिजे. समोरून फ्लॅश मारला की खाचेतली सावली मरते आणि दगड कोरा दिसतो. उन्हात काम असेल तर मोठी छत्री किंवा काळं कापड धरून ऊन अडवा आणि हातातला फ्लॅश किंवा टॉर्च वापरा. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडाला थेट ऊन जवळपास मिळतच नाही, तिथे दुसरा इलाज नाही.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. खाचेला समांतर उजेड आला तर तिला सावली पडत नाही. म्हणजे उजेड डावीकडून आडवा आला तर उभ्या काड्या ठसठशीत आणि आडव्या गायब. 'ई'चा 'आय' होतो, 'एफ'चा 'आय', 'टी'चाही 'आय'! वरून उजेड दिला की उलट. म्हणून एका दिशेचा फोटो पुरावाच नाही. निदान आठ दिशांनी, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत फिरत, कॅमेरा न हलवता. मग 'हा आडवा आय की चीर?' या प्रश्नाला उत्तर मिळतं : कोरलेली रेघ अनेक दिशांनी आत उतार दाखवते, तिची टोकं संपतात, चीर कडेपर्यंत पळत जाते किंवा फाटे फोडते.

त्यापुढची पायरी आरटीआय (रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग), म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो एकत्र करून पडद्यावर उजेड हवा तसा फिरवायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर रिमोटने, फोकस हाताने लावून बंद, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते ११, व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवलेला. चौकटीत दगडाशेजारी चकचकीत काळा किंवा लाल गोळा. स्नूकरचा चेंडू छान चालतो, फोटोत त्याचा व्यास २५० पिक्सेलच्या आसपास असला पाहिजे. फ्लॅशला दोरी बांधायची. लांबी विषयाच्या कर्णाच्या तिप्पट-चौपट, म्हणजे ५० सेंमीच्या भागासाठी दीड ते दोन मीटर. दोरीचं टोक दगडाच्या मध्याशी (न टेकवता) धरून अंतर ठरवायचं, दोरी बाजूला करायची, फोटो घ्यायचा. असे ४० ते ६० फोटो, उजेड १५ ते ६५ अंशांच्या पट्ट्यात घुमटासारखा पसरलेला. चेंडूवरच्या चमकेवरून सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतली दिशा काढतं. 'रीलाइट' हे असं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

बिघडायची कारणं ठरलेली. कॅमेरा केसभर हलला की सगळं धूसर, वाऱ्यात ट्रायपॉडला पिशवी लटकवा. चेंडू हलला तर तो संच बाद. भोवतीचा उजेड जास्त असेल तर सावल्या पातळ होतात. म्हणून चर्चच्या आत किंवा अंधार पडल्यावर. आणि फ्लॅश कायम एकाच बाजूने मारला (दगडामागे भिंत असली की हे होतंच) तर निकाल त्या बाजूपुरताच खरा असतो.

भिंतीत बसवलेला किंवा वळणदार दगड असेल तर फोटोग्रॅमेट्री (अनेक कोनांतल्या फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल) बरी. प्रत्येक फोटोत आधीच्याचा दोन तृतीयांश भाग यायला हवा, आणि मोजपट्टी हवी. मॉडेल तयार झाल्यावर मेशलॅब या सॉफ्टवेअरमध्ये रंग काढून टाका आणि 'रेडियन्स स्केलिंग' लावा. दगडफुलाचे डाग रंगाबरोबर जातात, त्याचा उंचवटा मात्र राहतो, एवढं लक्षात ठेवा.

ग्रॅनाइटवर अपेक्षा कमी ठेवा. कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचे स्फटिक भरड, खाच उथळ. स्फटिक निखळला की तयार होणारा खड्डा आणि टाकीचा टोचा यांत फरक करणं अवघड.

---

भूर्जपत्र

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. कालनिर्णय कसा करतात ते येऊ द्या. अक्षरवळणावरून शतक सांगता येतं ना, आपल्याकडे ब्राह्मीचं करतात तसं?

---

टाकीचे_घाव

सांगतात. शुद्ध कॅपिटलं असतील तर पाचवं शतक, अर्ध-अन्शियल शिरली की सहावं, जास्त झाली की सातवं. नॅश-विल्यम्स यांनी १९५०मध्ये वेल्सच्या दगडांची वर्गवारी केली ती अशीच. पहिला वर्ग साधे लेख, ५वं ते ७वं शतक. दुसरा क्रूस कोरलेले, ७वं ते ९वं. तिसरा नक्षीचे उंच क्रूस, ९वं ते ११वं. ढोबळ चौकट म्हणून अजून चालते.

---

व्याकरणशत्रू

ढोबळ म्हणून ठीक. पण 'पाचव्या शतकाचा उत्तरार्ध' असं अक्षरावरून छातीठोक सांगतात ते मला पटत नाही. ब्राह्मीला राजांची नावं, शकाची वर्षं, दानपत्रं असे शेकड्याने खुंटे आहेत. इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

एक, पेनमाख्नोचा तिसरा दगड. मृताचं नाव तुटून गेलंय. उरलंय ते 'फिलि आवितोरि, इन तेम्पो... युस्ति... कोन...'. 'युस्तिनुस कॉन्सल असताना' असं वाचतात. युस्तिनुस ५४० साली कॉन्सल होता (रोमन लोक या वार्षिक पदाधिकाऱ्याच्या नावाने साल ओळखत). पण त्याच्या नावाने पुढची वर्षं मोजायची रीत ल्योंच्या परिसरात कितीतरी काळ चालली, त्यामुळे ५४० ही खालची मर्यादा, नेमकं साल नव्हे. बाकी साम्राज्यात पुढच्याच वर्षीच्या बासिलियुसवरून मोजत. म्हणजे पेनमाख्नोच्या, स्नोडोनियाच्या डोंगरातल्या या दगडाला ही कालगणना ल्योंकडून पोचली, हा धागा सालापेक्षा मोठा.

दोन, अँगलसीवरच्या लानगडवालाडरच्या चर्चच्या भिंतीतला राजा: 'कातामानुस रेक्स सापिएंतिसिमुस ओपिनातिसिमुस ओम्नियुम रेगुम', 'राजा काडवान, सर्व राजांत अतिशहाणा, अतिविख्यात'. हा ग्विनेदचा राजा, साधारण ६२५. आणि नावाचं रूप बघा. मूळ 'कातु-', दोन शब्द जोडून झालेल्या नावाच्या सांध्यातला 'उ' 'आ' झालाय, म्हणजे तो स्वर बोलण्यातून गेलेला, लिहिणारा अंदाजाने भरतोय. 'त' अजून 'त'च लिहितोय, बोलताना तो 'द' झाला असणार.

बस, खुंटे संपले. बाकी सगळं यांच्या आसपास ताणून बसवलेलं.

---

आडवी_रेघ

तिसरा खुंटा म्हणून वोतेपोरिक्सचा दगड पुढे करतात. कास्तेलडुइरनचा, आता कारमार्थनच्या संग्रहालयात. वर्तुळातला क्रूस, खाली 'मेमोरिआ वोतेपोरिगिस प्रोतिक्तोरिस', कडेवर ओघममध्ये 'वोतेकोरिगास'. गिल्दास या ब्रिटन धर्मोपदेशकाने सहाव्या शतकात ज्या डेमेतियाच्या (नैर्ऋत्य वेल्सच्या) जुलमी राजाला, वोर्तिपोरला, झोडपलंय तोच हा, असं दीर्घकाळ मानलं जायचं.

---

व्याकरणशत्रू

तोच नव्हे. गिल्दासचा वोर्तिपोर, दगडावरचा वोतेपोरि-. पहिल्या भागातला 'र' दगडावर नाही, ना लॅटिनमध्ये ना ओघममध्ये. एकीकडे विसरला असं म्हणता येईल, दोन लिप्यांत दोन्हीकडे विसरला म्हणणं अवघड. नावं वेगळी, माणसं बहुधा एका घराण्यातली. त्यावर ५५०च्या आसपास म्हणून ठोकलेला खुंटा आता डळमळीत आहे. दगडाची किंमत त्याने कमी होत नाही. लॅटिनमधला 'पो' आणि ओघममधला 'को' शेजारी-शेजारी, म्हणजे एकच नाव ब्रिटन आणि आयरिश अशा दोन तोंडांनी उच्चारलेलं. आणि 'प्रोतेक्तोर' ही रोमन फौजी पदवी.

---

टाकीचे_घाव

राजाच्या ओळखीबाबत मान्य. पण अक्षरं पूर्ण टाकून द्यायलाही मी तयार नाही. एकट्या अक्षरावर तारीख नको, मात्र मजकुराची दिशा, साचा, अक्षरं आणि नावाचं रूप चारही एकाच बाजूला झुकत असतील तर 'आधीचा' आणि 'नंतरचा' हा क्रम लावता येतो. साल नाही, क्रम.

---

व्याकरणशत्रू

क्रमावर माझं भांडण नाही. फक्त एक अट: नावाचं रूप लॅटिन प्रत्ययाने झाकलेलं असतं. बोलीतला शेवटचा स्वर सहाव्या शतकात गळून गेला तरी कोरणारा 'इ' आणि 'उस' लावतच राहतो. म्हणून शेवटाकडे बघून उपयोग नाही, जोडाच्या सांध्याकडे बघा. सेंट डॉगमेल्सला लॅटिन 'कुनो-' आणि ओघम 'कुना-' आपापल्या भाषेत शाबूत आहेत. काडवानच्या वेळी सांधा विस्कटलाय.

---

भूर्जपत्र

झकास. एक भाबडा प्रश्न : मूळ दगड झिजून गेला आणि नक्कल उरली तर नकलेवर किती विसंबायचं?

---

टाकीचे_घाव

एलिसेगचा स्तंभ याच प्रश्नाचं उदाहरण. लान्गोलेनजवळचा, नवव्या शतकातला, म्हणजे आपल्या काळाच्या नंतरचा. पाविस या वेल्समधल्या राज्याचा राजा कॉन्केन याने पणजोबासाठी उभारला. हा कॉन्केन ८५४ साली रोममध्ये वारला. स्तंभ सतराव्या शतकातल्या इंग्लिश यादवी युद्धाच्या काळात पाडला गेला, १७७९मध्ये पुन्हा उभा केला. मजकूर आज जवळपास वाचता येत नाही. १६९६मध्ये एडवर्ड लुइडने केलेली नक्कल आहे म्हणून ३१ ओळींचा अंदाज लागतो. लुइड सावध माणूस, न दिसलेलं रिकामं सोडणारा. नक्कल करणाऱ्याची हीच परीक्षा. त्याने किती रिकाम्या जागा ठेवल्यात ते आधी बघायचं. एकही नसेल तर शंका घ्यायची.

जॉन लेलंड या पुराणवस्तू टिपत फिरणाऱ्या अभ्यासकाने सोळाव्या शतकात ट्रिस्टन दगडावर एका बाईच्या नावाची आणखी एक ओळ टिपली आहे. दगडावर ती आज नाही. दगड अनेकदा हलवलाय, तुटणं अशक्य नाही. पण तेवढ्यावर इसोल्डला तिथे आणून बसवणं म्हणजे चौकोनी कंसात अख्खी कादंबरी लिहिणं.

स्लॉटरब्रिजचा 'आर्थरचा दगड' तर साफ हवेतला. तिथे 'लातिनि इक याकित फिलियुस मागारि' आहे. दगडावर आर्थरचा पत्ताच नाही.

---

कोकणी_मेवा

शेवटचं. दक्षिण वेल्समध्ये एकच दिवस मिळाला तर कुठे जावं?

---

आडवी_रेघ

मार्गम. जुन्या शाळेच्या इमारतीत कॅडूचं शिळासंग्रहालय आहे. तिथे 'पुंपेइयुस कारांतोरियुस' बघा, उभ्या लॅटिन ओळी आणि कडांवर ओघम, दोन्ही एकाच दगडावर. त्याच्यानंतर बोडवोकचा: 'बोदवोकि हिक याकित फिलियुस कातोतिगिर्नि प्रोनेपुस एतेर्नालि वेदोमावि'. नाव षष्ठीत, 'फिलियुस' प्रथमेत, वर पणजोबाचाही उल्लेख. वर म्हटलेली साच्यांची सरमिसळ यात चार ओळींत मिळते. हा दगड वाचणारा लवकर मरतो अशी समजूत कॅमडेन या जुन्या इंग्लिश इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे, तेव्हा हिमतीवर.

मूळ जागी, मार्गमच्या डोंगरावर, बोडवोकची प्रतिकृती उभी आहे. टॉर्चने आठ दिशांचा सराव करायचा तर तिच्यावर करा. संग्रहालय ठरावीक दिवशीच उघडतं, निघण्याआधी वेळ तपासा. प्रतिकृतीला वेळ नाही, चढण मात्र चिखलाची आहे, बूट तसे घाला.